जुनी फरशी, ती उचकटणारी यंत्रे आणि देवळाची जमीन

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हटला की गावात पहिली चर्चा होते ती शिखराची. मग कळसाची, मग महाद्वाराची, मग रंगाची. जमिनीविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. वास्तविक देवळात जो तो येतो तो जमिनीवरच येतो. कीर्तनाला माणूस बसतो तो जमिनीवर, सप्त्याची पंगत उठते ती जमिनीवर, आणि साष्टांग दंडवत घालणाऱ्याचे कपाळ टेकते तेही जमिनीवरच. कळस वर्षातून एकदा नीट पाहिला जातो, फरशी रोज पायाला लागते. म्हणून आजचा विषय फरशीचा, आणि त्यातही नव्या फरशीचा नव्हे. नव्या फरशीबद्दल दुकानदार पुष्कळ सांगतो. जुनी फरशी काढायची कशी, कोणत्या यंत्राने काढायची आणि कोठे यंत्र मुळीच लावायचे नाही, हा तो विषय होय. नवी फरशी मनासारखी बसली नाही तर पुढच्या पिढीला ती बदलता येते. जुनी काढताना खालचा कोरीव दगड फुटला, तर तो कोणत्याही देणगीतून परत आणता येत नाही.

मराठवाड्यातील जुन्या देवळांच्या जमिनीचा इतिहास साधारण एकाच धर्तीचा आहे. अगदी तळाशी काळ्या पाषाणाच्या शिळा असतात, त्या चुन्यात बसविलेल्या किंवा नुसत्याच एकमेकींत घट्ट सांधलेल्या. लहान देवळांत तर शेणाने सारवलेली जमीनच होती आणि दर सणाला गावातील बायाबापड्या ती सारवीत. पुढे शहाबादी फरशी आली. शहाबाद हे गाव आज कर्नाटकात असले, तरी १९४८ पर्यंत शहाबाद आणि परभणी ही दोन्ही एकाच हैदराबाद संस्थानात होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्याकडे आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याकडे गेला. सरहद्द बदलली, पण फरशीचे ट्रक यायचे थांबले नाहीत. वाडा असो, शाळा असो, चावडी असो, करड्या-निळसर शहाबादीवाचून या भागात बांधकाम होत नसे. तांदूरची फरशी, कडप्पा, राजस्थानातील कोटा ही तिचीच भावंडे. त्यानंतर मोझॅक आली. मग कोणा भाविकाने संगमरवर बसविला, कोणी चकचकीत ग्लेज टाइल्स लावल्या. अलीकडे गुजरातमधील मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आणि ग्रॅनाइट आले. प्रत्येक पिढीने आपल्या ऐपतीप्रमाणे उत्तमातले उत्तम देवाला दिले. यात दोष कोणाचाच नाही.

अडचण निराळीच आहे. जुनी काढण्याचा त्रास आणि खर्च नको म्हणून बहुतेक ठिकाणी जुनीवरच नवी फरशी बसविली गेली. शहाबादी तिच्याखालच्या मसाल्यासह तीन-चार इंच घेते. तिच्यावर मोझॅक, मोझॅकवर टाइल्स, असे थर चढत गेले की जमीन वीतभर वर येते. मग पहिला बळी जातो तो उंबऱ्याचा. जो उंबरा ओलांडताना पाय उचलावा लागे, तो फरशीच्या पातळीला येतो आणि शेवटी दिसेनासा होतो. खांबांचे कोरीव तळखडे बुडतात. चौकटीच्या तळाशी दोन्ही बाजूंना कोरलेल्या लहान मूर्ती गुडघ्यापर्यंत फरशीत गाडल्या जातात. महादेवाचे मंदिर असेल तर अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी प्रनाळ खाली राहते आणि पाणी उलटे गाभाऱ्यात साचते. औंढा नागनाथाला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की तेथे देवाकडे जायचे तर खाली उतरावे लागते. जुन्या बांधणाऱ्यांनी कोठे उतरायचे आणि कोठे चढायचे हे विचाराने ठरविले होते. त्या उताराचा एकेक पदर फरशीच्या थरांनी पुसला जातो. हे एका वर्षात घडत नाही, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

दुसरी अडचण ओलीची. आपला मुलूख काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिच्या पोटातली ओल वर चढत असते. सारवलेल्या जमिनीतून किंवा चुन्यातील दगडांच्या सांध्यांतून ती ओल हळूहळू हवेत निघून जाई. वरून सिमेंटचा थर आणि त्यावर पाण्याचा थेंबही न पिणारी व्हिट्रिफाइड टाइल बसविली, की ओलीची वाट बंद होते. मग ती बाजूला सरकते आणि भिंतींतून चढू लागते. भिंतींच्या तळाशी हात-दोन हात उंचीपर्यंत पांढरा क्षार फुटलेला दिसतो, रंगाचे पापुद्रे निघतात, आणि कमिटी दर दोन वर्षांनी रंगाऱ्याला बोलावते. रंगाऱ्याचा यात काही अपराध नसतो. जेथे असा क्षार दिसेल तेथे रंगाच्या डब्याकडे पाहण्याआधी जमिनीकडे पाहावे.

या सर्वांचे ताजे आणि सर्वांना माहीत असलेले उदाहरण पंढरपूरचे आहे. श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतन-संवर्धनाचे काम पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली सुरू झाले. मंदिर व परिसरासाठी शासनाने मंजूर केलेला आराखडा सुमारे ७३ कोटी रुपयांचा होता. त्यासाठी १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवण्यात आले आणि भाविकांना काही तास मुखदर्शन घेता येई. गाभाऱ्यात पूर्वी बसविलेला ग्रॅनाइट काढण्यात आला, चांदीचे पत्रे उतरविण्यात आले, आणि त्यामागचा मूळ काळा पाषाण कित्येक वर्षांनी लोकांना दिसला. २ जून २०२४ रोजी पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झाले, तेव्हा आत गेलेल्या वारकऱ्यांना आपण जुन्याच देवळात नव्याने आलो असे वाटले. सुमारे अडीच महिने पायांवर डोके ठेवता येणार नाही, हे वारकऱ्याला सोपे नव्हते. तरीही लोकांनी ते सोसले.

त्याच कामात ३१ मे २०२४ रोजी हनुमान दरवाजाजवळ जमिनीतील एका दगडाखाली पोकळी असल्याचे आढळले. दगड बाजूला करून पाहिले तर खाली तळघर निघाले आणि त्यात विष्णुरूपातील मूर्ती, महिषासुरमर्दिनीची मूर्ती, पादुका, जुनी नाणी अशा वस्तू मिळाल्या. लक्षावधी वारकरी ज्या जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या चालत होते, तिच्या खाली हे होते आणि कोणाला पत्ता नव्हता. त्या जागी घाईघाईने जड ब्रेकर चालविला असता तर काय झाले असते, याची कल्पना प्रत्येकाने करावी. तेथे जाणकार माणसे उभी होती, दगड खचल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि काम थांबवून पाहणी झाली. यंत्र खचलेला दगड ओळखीत नाही. त्याला सगळी जमीन सारखीच.

आता यंत्रांकडे वळू. यंत्र वाईट असे कोणी समजू नये. दगड फोडणे हे किती कष्टाचे काम आहे ते मराठवाड्याला पुस्तकातून शिकायला नको. १९७२ च्या दुष्काळात या भागातील शेतकरी, शेतमजूर, बाळंतीण झालेल्या बायासुद्धा रस्त्याच्या कडेला खडी फोडीत बसल्या होत्या. तळहाताचे फोड ज्यांनी पाहिले आहेत, त्या पिढीतील म्हातारी माणसे यंत्राला कधी नावे ठेवणार नाहीत.

फरशी काढण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाते ते विजेवर चालणारे हातोडा-यंत्र. ठेकेदाराची माणसे त्याला ब्रेकर म्हणतात. त्याची रचना समजण्यासारखी आहे. आत मोटर असते. मोटर एक दट्ट्या नळीत मागे-पुढे हलविते. दट्ट्या छिन्नीवर थेट आदळत नाही. मध्ये कोंडलेली हवा असते, ती दाबली जाऊन पुढच्या घणाला फेकते आणि घण छिन्नीच्या डोक्यावर बसतो. हवेच्या या उशीमुळे पुष्कळसा धक्का माणसाच्या हाताऐवजी छिन्नीकडे जातो. दहा-अकरा किलो वजनाचे यंत्र मिनिटाला हजारावर ठोके देते. असे दीड हजार वॅटचे यंत्र तासभर सलग चालले तर दीड युनिट वीज जाते, म्हणजे खर्च विजेचा नव्हे, माणसाचा आणि चुकीचा आहे. या यंत्राचे आजोबा म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारे खडक फोडण्याचे यंत्र. फ्रान्स आणि इटली यांच्या मधल्या आल्प्स पर्वतातील पहिला मोठा रेल्वे बोगदा १८७१ साली सुरू झाला, तो अशाच यंत्रांनी खोदला गेला. तेव्हा ज्या शक्तीने डोंगर फुटला, तीच शक्ती लहान रूपात आपण देवळाच्या जमिनीवर आणतो हे विसरता कामा नये.

दुसरे यंत्र पात्याचे. परदेशात शाळा, दवाखाने, मोठी दुकाने यांच्या जमिनीवर डिंकासारख्या पदार्थाने चिकटविलेले रबरी-प्लॅस्टिकचे आच्छादन किंवा गालिचे असतात. ते खरवडून काढण्यासाठी ही यंत्रे निघाली. लहान यंत्र माणूस मागून ढकलीत चालतो, त्याचे पाते थरथरत पुढे घुसते. मोठ्या यंत्रावर चालक चक्क बसतो, पुढे रुंद पोलादी पाते असते, आणि यंत्राचे वजन टनाच्या घरात जाते. इतके वजन कशाला, असे कोणी विचारील. आपल्या वखराकडे पाहिले की उत्तर मिळते. पास जमिनीत नीट घुसावी म्हणून वखरावर दगड ठेवतात किंवा पोराला बसवितात. तसेच येथे. वजन नसेल तर चाके जागच्या जागी फिरतील आणि पाते वर उडेल. खेड्यातील देवळाला या मोठ्या यंत्राचा उपयोग नाही. टनभराचे यंत्र जुन्या शिळांवर, खाली पोकळी असण्याचा संभव असताना फिरविणे म्हणजे धाडसच.

या यंत्रांवरून एक इशाराही घेण्यासारखा आहे. अमेरिकेत जुन्या इमारतींमध्ये नऊ इंची चौकोनी प्लॅस्टिकच्या टाइल्स असत आणि त्यांत, तसेच खालच्या काळ्या डांबरी चिकटीत, पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असे. ते कोरडे खरवडले की अदृश्य तंतू हवेत उडतात आणि वर्षानुवर्षांनी फुप्फुसाचा रोग होतो. म्हणून तेथे आधी तपासणी आणि मग यंत्र, असा नियम झाला. आपल्याकडे देवळात तशी फरशी नसते. पण पडवीवरचे आणि स्वयंपाकशेडचे जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, ते फोडू नयेत, अख्खे उतरवावेत.

तिसरी यंत्रे कापण्याची आणि घासण्याची. कटरचे हिरकणी लावलेले चाक फरशीचा सांधा कापते. ग्राइंडर फरशी निघाल्यावर उरलेला सिमेंटचा थर घासून काढतो. मोझॅकला पॉलिश करणारा घिसाईवाला आणतो ते यंत्र याच घराण्यातले. सिमेंटच्या कोब्यावर ग्राइंडर उत्तम काम करतो. कोरीव पाषाणावर मात्र तो एकदा फिरला की टाकीचे जुने घाव कायमचे जातात. टाकीचे घाव म्हणजे त्या पाथरवटाची सही. आठशे वर्षांनीही ती वाचता येते, आणि ग्राइंडरला ती पुसायला दहा सेकंद पुरतात. वाळूचा झोत मारून दगड ‘स्वच्छ’ करण्याची पद्धतही हल्ली गावोगाव निघाली आहे. दगड स्वच्छ होतो खरा, पण त्याची वरची कातडी सोलली जाते आणि पुढे तो ऊन-पावसाला लवकर बळी पडतो.

तेव्हा कोठे काय वापरावे? याला ठोक नियम नाही, पण जमिनीची विचारपूस केली तर ती स्वतःच सांगते. छिन्नीच्या लाकडी मुठीने फरशीवर ठिकठिकाणी टकटक करावे. ठस आवाज आला तर फरशी खाली घट्ट धरून आहे. पोकळ आवाज आला तर मसाला सुटला आहे, आणि अशी फरशी पहारीच्या एका उचलीने अख्खी निघते. फारच पोकळ, घुमल्यासारखा आवाज आला तर तेथे थांबावे, खडूने खूण करावी आणि जाणकाराला दाखवावे. सुरुवात नेहमी आधीच फुटलेल्या किंवा कडेच्या फरशीपासून करावी. एक निघाली की तिच्या रिकाम्या जागेतून शेजारणीच्या पोटाखाली छिन्नी आडवी घालता येते. हीच खुबी ब्रेकरलाही लागू आहे. नवशिका गडी यंत्र उभे धरतो, छिन्नी सरळ खाली जाते, फरशीचा चुरा होतो आणि खालच्या शिळेला टवका उडतो. जाणता गडी टोकदार छिन्नी काढून पसरट छिन्नी लावतो, यंत्र आडवे कलते धरतो आणि फरशी उचलतो, फोडीत नाही. यंत्र एकच, पण काम करणारा निराळा.

सभामंडप अलीकडे सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधलेला असेल, त्याखाली मुरुमाचा भराव असेल, तर तेथे ब्रेकर खुशाल चालवावा. मात्र सभामंडप जेथे जुन्या दगडी बांधकामाला टेकतो, तेथे आधी कटरने सरळ फट कापून घ्यावी, म्हणजे यंत्राचा हादरा पुढे जात नाही. हेमाडपंती म्हणविल्या जाणाऱ्या देवळांत दगडावर दगड चुन्याशिवाय, केवळ वजनाने आणि खाचांनी बसविलेला असतो. त्याला वरचे ओझे चालते, हादरा चालत नाही. अंतराळ, गाभारा, उंबरा, खांबांचे तळखडे, पिंडीभोवतीची जागा, येथे यंत्र आणूच नये. येथे छिन्नी, हातोडा, लाकडी पाचर, पहार आणि वेळ. वेळ हेच मोठे हत्यार आहे. चुन्यातील दगड घाई केली तर तुटतो, सांधा खरवडून वाट पाहिली तर सुटतो. सिमेंट तसे नाही. ते दगडाला धरून बसते आणि निघताना दगडाचा तुकडा बरोबर नेते. म्हणून दगडावर सिमेंटने चिकटविलेली टाइल काढणे हे सगळ्यांत अवघड. तेथे टाइल आधी बारीक तुकड्यांत काढून मागचे सिमेंट हलक्या हाताने कणाकणाने उतरवावे लागते.

हे काम करणारा माणूस बहुधा दगडाच्या घराण्यातला असतो. वडार समाजातील पाथरवटांनी या प्रदेशातली जाती, पाटे-वरवंटे, विहिरी आणि देवळे घडविली. जाती गेली, पाटे-वरवंटे गेले आणि त्यांच्या मुलांच्या हातात ब्रेकर आला. देणगीदारांच्या फलकावर त्यांचे नाव नसते. निदान त्यांच्या श्वासाची काळजी तरी कामाच्या करारात असावी. फरशी फोडताना, विशेषतः ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल आणि वाळू-सिमेंटचा मसाला कापताना जी पीठासारखी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. डोळ्याला दिसते ती धूळ नाकात अडकते. न दिसणारी आत जाते आणि फुप्फुसात कायमची बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. कायद्याने कळविण्यास पात्र अशा रोगांच्या यादीत तो आहे आणि त्यावर पूर्ण बरे करणारे औषध नाही. त्यावर अडवणूक एकच, धूळ उडूच न देणे. फरशीवर आधी पाणी मारावे, काम चालू असता पाण्याची बारीक धार ठेवावी, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तोंडाला गमछा बांधून ही धूळ अडत नाही, तिच्यासाठी निराळा मुखवटा मिळतो आणि तो फार महाग नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की दुसरा धोका उभा राहतो, त्यामुळे यंत्राला अर्थिंग हवेच आणि वायर उघडी नको. बंद गाभाऱ्यात ग्राइंडर लावून दार ओढून घेणे, ‘धूळ बाहेर जाऊ नये’ म्हणून, हा प्रकार तर कोणी करू नये. आत माणूस असतो.

आता थोडे नाजूक बोलायचे आहे. जुन्या फरशीवर नावे असतात. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरे कोरलेली, काळा रंग भरलेली फरशी प्रत्येक देवळात आहे. कोणी पंचवीस रुपये दिले, कोणी कापसाच्या पट्टीतून शंभर दिले, कोणी लेकीच्या लग्नाचा खर्च काटकसरीने करून फरशी दिली. ती उचकटायची म्हटली की त्या घरात चलबिचल होते. आजोबांचे नाव ब्रेकरखाली जाणार! ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जीर्णोद्धाराची कामे पैशावाचून अडतात त्याहून जास्त अशा रुसव्याने अडतात.

पण यालाही आपल्याच जिल्ह्यातला एक दाखला आहे. नर्सी हे गाव संत नामदेवांचे. १३५० साली त्यांनी देह ठेवला तो पंढरपूरला महाद्वाराच्या पायरीशी, असे वारकरी मानतात. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी पायरीची जागा मागितली. आज लाखो लोक नामदेव पायरीला नमस्कार करून आत जातात. देवळात पायाखाली असणे हा मान आहे, हे हिंगोली जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायचे कारण नाही. त्याबरोबर हेही खरे की पायरीवर नामदेवांनी आपले नाव कोरून घेतले नव्हते.

व्यवहाराचा मार्ग असा आहे. यंत्र लावण्यापूर्वी एक वही करावी. प्रत्येक नावाच्या फरशीचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा, अशुद्ध असेल तर अशुद्धच, साल असेल तर सालासह, आणि फरशी कोठे होती त्याचा कच्चा नकाशा काढावा. प्रत्येकीचा फोटो घ्यावा. मग त्या फरश्या यंत्राने न काढता हाताने अख्ख्या काढाव्यात आणि ओवरीच्या भिंतीला किंवा पाराच्या कडेला ओळीने बसवाव्यात. त्या घरातील कर्त्या माणसाला, आणि माहेरवाशिणीलासुद्धा, उचलण्याच्या दिवशी बोलवावे. नारळ फोडून काढलेली फरशी आणि न सांगता काढलेली फरशी यांत फार अंतर पडते. नव्या फरशीवर नावे घालायची की नाहीत, हा ज्या त्या गावाचा प्रश्न. जमिनीवर न घालता एका दगडी पाटीवर सर्वांची घालणे बरे, कारण पुढच्या जीर्णोद्धाराला पुन्हा हाच पेच नको.

जमिनीतून काही निघाले तर काय करावे, हेही आताच सांगून ठेवणे चांगले, कारण निघाल्यावर कोणाचे डोके ठिकाणावर राहत नाही. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि तो अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. काय सापडले, अंदाजे किंमत किती, कोठे आणि कोणत्या तारखेला, एवढे त्यात असावे. न कळविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा केवळ धाक घालीत नाही. मालकी कोणाची सिद्ध झाली नाही आणि शासनाने वस्तू घेतली नाही, तर दुसरा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचे, अशी वाटणीही त्यात आहे. म्हणजे ब्रेकर धरणाऱ्या गड्यालाही त्यात हक्क आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, शिलालेख ही पुरावस्तू ठरते आणि तिची परस्पर विक्री करता येत नाही. प्रत्यक्षात करायचे इतकेच की काम थांबवावे, वस्तू जागची हलवू नये, धुऊ नये, तिला शेंदूर लावू नये, आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे. पंचनामा होईल, पुरातत्त्व विभागाला कळेल. यात दोन-चार दिवस जातात. देऊळ राज्य अथवा केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल, तर सापडण्याची वाटच पाहायची नाही. एक फरशी हलविण्यापूर्वीसुद्धा परवानगी लागते.

निघालेल्या मालाचे काय करावे, असा प्रश्न उरतो. शहाबादी अख्खी निघाली तर तिचा मागचा भाग बहुधा नवा कोरा असतो. उलटी करून प्रदक्षिणेच्या वाटेवर, पाण्याच्या टाकीभोवती, गाईच्या गोठ्यात ती आणखी दोन पिढ्या काढील. मोझॅक आणि टाइल्सचे तुकडे बाहेरच्या भरावाला चालतात. चुन्याचा मसाला मात्र राडारोड्यात टाकू नये. तो चाळून नव्या चुन्यात मिसळता येतो. सिमेंटचे पीठ नाल्यात किंवा देवळाच्या विहिरीत जाऊ देऊ नये, ते तळाशी थिजून झरे बुजविते.

आणि फरशी निघून जमीन उघडी झाली की लगेच नवी बसविण्याची घाई करू नये. मुहूर्त ठरलेला असतो, पत्रिका छापलेल्या असतात, तरीही. होळीच्या सुमारास फरशी काढावी आणि मृगाच्या तोंडापर्यंत जमीन तशीच उघडी ठेवावी. वर्षानुवर्षे कोंडलेली ओल त्या तीन महिन्यांत बाहेर पडते. भिंतीच्या तळाचा क्षार रोज कोरड्या कुंच्याने झाडावा, तो कमी-कमी होत गेलेला दिसतो. तेवढे दिवस कीर्तन सतरंजीवर होईल आणि म्हाताऱ्या माणसांना दगड थोडे टोचतील. तोपर्यंत खाली काय आहे, उंबरा किती खोल आहे, पाण्याचा मूळ उतार कोणीकडे होता, हे सर्व गावाला डोळ्यांनी पाहता येते, आणि मग मूळ शिळा चांगल्या निघाल्या तर नवी फरशी घ्यायचीच की नाही, हेही त्या उघड्या जमिनीवर बसूनच ठरविता येते.